जुन्या मोटरहोमचा ढिला हँडब्रेक: आधी ड्रम, मग केबल

हँडब्रेक ढिला झाला की सगळ्यांचा हात आधी लिव्हरखालच्या नटाकडे जातो. सीटखाली हात घालायचा, पाना चार-पाच फेरे फिरवायचा, लिव्हर पुन्हा कडक लागला की गाडी बाहेर. दहा मिनिटांचं काम. महिन्या-दोन महिन्यांत हँडब्रेक परत ढिला होतो आणि या खेपेला मागची चाकं तापायलाही लागतात.

असं का होतं हे एकदा नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. बहुतेक वेळा ढिलाई केबलमध्ये नसते, ती ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी भांड्याच्या, आत असते. ड्रमला आतून दाबून थांबवणाऱ्या कमानदार शूवरचा लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, झिजलेला असतो आणि शू ड्रमपासून लांब गेलेला असतो. तुम्ही वरून केबल ताणली की ते अंतर तात्पुरतं झाकलं जातं. पण आता लिव्हर पूर्ण खाली असतानाही शूवरची हँडब्रेकची पट्टी थोडी ओढलेलीच राहते. बऱ्याच ड्रममध्ये ऑटो अॅडजस्टरला, म्हणजे झीज होईल तसे शू आपोआप ड्रमजवळ आणणाऱ्या भागाला, काम करायचं तर ती पट्टी पूर्ण मागे बसावी लागते. ती बसत नाही, म्हणून अॅडजस्टर मुका होतो. लायनर झिजत राहतो, अंतर वाढत राहतं आणि पायाचा ब्रेकही हळूहळू खोल जायला लागतो. म्हणून काम नेहमी चाकाकडून लिव्हरकडे करायचं. लिव्हरचा नट सगळ्यात शेवटी.

हा लेख मागे ड्रम आणि केबलवर चालणारा हँडब्रेक असलेल्या गाड्यांसाठी आहे. मुंबईत जुनी मोटरहोम म्हणजे बहुधा टेम्पो ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर बांधलेली गाडी. ट्रॅव्हलर १९८७ साली आली, मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनच्या आराखड्यावर. तिची मागची चाकं ओढतात. विंगर २००७ ची, जुन्या रेनो ट्रॅफिकवर आधारलेली आणि तिची पुढची चाकं ओढतात. हा फरक जॅक लावताना जिवाशी येतो, त्याबद्दल पुढे. बसच्या चासीवरच्या मोठ्या मोटरहोममध्ये एअर ब्रेक असतात आणि हँडब्रेक लावताना फुस्स असा आवाज येतो. त्यात ब्रेक धरून ठेवणारी जाड स्प्रिंग एका डब्यात दाबून भरलेली असते. तो डबा खोलताना स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. त्याला घरी हात लावायचा नाही.

आधी वजन बघा

व्हॅनमध्ये चांगला चालणारा हँडब्रेक मोटरहोम झाल्यावर कमी पडतो, कारण गाडी जड झालेली असते. ३५०० किलोची गाडी १० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला १० मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, उभी असली की तिला खाली ओढणारा जोर सुमारे ३५० किलोचा असतो. १८ टक्क्यांवर तोच जोर ६२० किलोच्या आसपास जातो. हा सगळा भार दोन मागच्या चाकांतले चार शू पेलतात. १८ टक्के हा आकडा उगाच घेतलेला नाही. ईसीईच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाच्या, १३ क्रमांकाच्या ब्रेक नियमानुसार भरलेली गाडी तेवढ्या चढाउतारावर नुसत्या पार्किंग ब्रेकवर उभी राहिली पाहिजे आणि हाताच्या लिव्हरला ६०० न्यूटन, म्हणजे साधारण ६१ किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये.

शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वाढले. दोन बॅटऱ्या, गॅसचं सिलिंडर, प्लायवूडचं फर्निचर, छतावरचं एसी युनिट हे सगळं त्यावर. त्यामुळे काम सुरू करण्याआधी गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरून वजनकाट्यावर घाला. आरसी बुकातल्या कमाल वजनापेक्षा गाडी जड निघाली तर नवे शू टाकूनही तक्रार राहणारच. मग आधी सामान कमी करा.

दुखणं कुठे आहे ते ओळखा

सपाट जागेवर, इंजिन बंद ठेवून लिव्हर सावकाश वर ओढा आणि दात मोजा. प्रत्येक टक म्हणजे एक दात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण ढोबळमानाने चार ते सात दातांत ब्रेक पूर्ण लागला पाहिजे. दहाच्या पुढे गेला तर काहीतरी झिजलंय किंवा सुटलंय.

लिव्हर खूप वर येतो आणि मऊ लागतो, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. हेच सर्वाधिक वेळा आढळतं. लिव्हर तीन-चार दातांतच कडक होतो पण गाडी सरकते, म्हणजे जोर शूपर्यंत पोचत नाही किंवा पोचूनही लायनर पकडत नाही. केबल गंजून जाम झाली असेल, लायनर काचेसारखा चकचकीत झाला असेल, नाहीतर त्यावर तेल गेलं असेल. लिव्हर ओढायलाच जड आणि सोडल्यावर सावकाश खाली जातो, तर केबल. लिव्हर धरतो आणि धक्का बसला की आपोआप सुटतो, तर लिव्हरच्या बुडाशी असलेली खिटी किंवा दात झिजलेत. इथे कानशीने दात धारदार करून घेण्याची पद्धत आहे. करू नका. दातांचा कडक केलेला पृष्ठभाग घासून जातो आणि खालचं मऊ लोखंड चार दिवसांत बोथट होतं. लिव्हरचा पूर्ण संच बदला.

फक्त एका बाजूचं चाक धरत असेल तर ते गाडी खाली उभी असताना कळत नाही. त्यासाठी मागची दोन्ही चाकं उचलावी लागतात. दोन्ही चाकं हवेत असताना एकाने लिव्हर एकेक दात ओढायचा आणि दुसऱ्याने दोन्ही चाकं हाताने फिरवून बघायची. पहिल्या-दुसऱ्या दाताला चाक मोकळं, मधल्या दातांवर घासायला लागतं आणि शेवटी दोन्ही बाजूंना हाताने फिरत नाही, हे निरोगी लक्षण. डावं चौथ्या दातावर अडतं आणि उजवं आठव्यापर्यंत फिरतंय, तर उजवीकडचा ड्रम उघडायचाच. खरं तर दोन्ही उघडायचे, कारण शू नेहमी जोडीने बदलतात.

जॅक लावताना

सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात आणि पावसाळ्यात त्याखालची वाळू वाहून जाते. तिथे थेट जॅक टेकवला की ब्लॉक खचतो. जॅक आणि स्टँडखाली किमान १८ मिमी जाडीच्या प्लायचा एक फूट चौरस तुकडा, जमल्यास लोखंडी पट्टी, ठेवा. काँक्रीटची सपाट जागा मिळाली तर उत्तम. उताराच्या रॅम्पवर हे काम कधीच नाही.

लागणारं साहित्य: पाच टनांचा हायड्रॉलिक बॉटल जॅक, प्रत्येकी तीन टन पेलणारे दोन अॅक्सल स्टँड म्हणजे आपल्या गॅरेजमधल्या घोड्या, चार लाकडी ठोकळे, ८ ते १९ पर्यंतचे रिंग पाने, चाकाचा पाना, पकड, स्प्रिंग काढायची पकड, चपटा स्क्रू ड्रायव्हर, व्हर्निअर कॅलिपर, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, उष्णता सहन करणारं ब्रेकचं ग्रीस, हातमोजे आणि धूळ अडवणारा एन-९५ मास्क.

आता ट्रॅव्हलर आणि विंगरमधला फरक. ड्रम उघडायला हँडब्रेक सोडावाच लागतो. विंगरची मागची चाकं उचलली तरी गिअरमध्ये ठेवल्यावर पुढची चाकं गाडी धरून ठेवतात. ट्रॅव्हलरमध्ये मागची चाकं हवेत गेली की ना हँडब्रेक उरतो ना गिअर. एकच मागचं चाक उचललं तरी डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीमुळे, ते हवेतलं चाक मोकळं फिरतं, मग गिअर काही धरत नाही. म्हणजे अशा गाडीला थोपवून धरणारी गोष्ट फक्त पुढच्या चाकांखालचे ठोकळे. दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून, असे चारही ठोकळे हातोडीने ठोकून घट्ट बसवा. दगड किंवा विटेचा तुकडा चालणार नाही, वीट फुटते.

पाण्याची टाकी रिकामी करा, गॅसचं सिलिंडर काढून ठेवा, आत कोणी बसू नये. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा. मग जॅक, मग घोडी, मग जॅक थोडा सैल करून वजन घोडीवर आल्याची खात्री. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

ड्रम उघडणे

लिव्हर पूर्ण खाली टाका आणि लिव्हरजवळचा केबलचा नट सैल करा, केबल लोंबली पाहिजे. चाक काढा. ड्रमला धरणारे एक-दोन स्क्रू असतील तर काढा. जुन्या गाडीत ड्रम सहसा हाताने निघत नाही. ड्रमच्या आतल्या काठावर गंजाची आणि झिजेची कड तयार झालेली असते आणि शू त्या कडेमागे अडकतात. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे शू ज्या स्थिर पत्र्यावर बसवलेले असतात त्याच्या, मागच्या रबरी बुचातून स्क्रू ड्रायव्हर घालून अॅडजस्टरची दातेरी चाकी उलटी फिरवा, शू आत सरकतील. बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात योग्य मापाचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. काठावर घणाचे घाव घातले तर बिडाचा ड्रम तडकतो.

ड्रम निघाला की आतली काळी धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओलं करून खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये ओघळू द्या आणि पुसलेल्या चिंध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका. गॅरेजमध्ये हवा मारणारा पोरगा दिसला तर त्यालाही थांबवा.

काही सुटं करण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंगा कशा होत्या हे विसरलं तर दुसरी बाजू बघायला शाबूत राहते.

आता नीट बघायचं. लायनर चिकटवलेला असेल तर २ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. रिव्हेटवाला असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर किमान १ मिमी लायनर हवा, नाहीतर रिव्हेट ड्रमला खोल चऱ्या पाडतं. लायनरची जाडी शाबूत आहे पण पृष्ठभाग काळा चकचकीत झालाय, तर पॉलिश पेपरने आडवा-तिरका घासून तो खरखरीत करा. ड्रमच्या आतली चकाकीही तशीच मोडा.

लायनर ओला दिसला तर आधी ओल कसली ते ठरवा. पातळ, हाताला निसरडी, रंग उतरवणारी ओल म्हणजे ब्रेक ऑइल. व्हील सिलिंडरचं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबल्यावर शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं, रबरी टोपण उचलून बघा, खाली ओल सापडेल. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं तेल म्हणजे एक्सलचं ऑइल, तिथे सील गेलंय. मुंबईत हे दुसरं प्रकरण पुष्कळदा साचलेल्या पाण्यामुळे ओढवतं. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या गुडघाभर पाण्यातून जड गाडी गेली की चिखलाचं पाणी सीलच्या ओठाशी आणि ड्रममध्ये शिरतं, बारीक रेती मागे राहते आणि पुढचे काही महिने ती घासत राहते.

तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा बर्नरने भाजून परत वापरण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. लायनर सच्छिद्र असतो. वरचं तेल जळतं, आतलं पुढच्या घाटात तापल्यावर पुन्हा वर येतं. आधी गळती बंद करा, मग दोन्ही बाजूंचे शू नवे टाका. व्हील सिलिंडर बदलायचं असेल तर ब्रेकमधली हवा काढावी लागते. ते पहिल्यांदा करत असाल तर तेवढ्यापुरता जाणत्या मिस्त्रीला बोलवा.

ड्रमच्या बाहेरच्या अंगावर कमाल व्यास कोरलेला असतो. व्हर्निअरने आतला व्यास तीन ठिकाणी मोजा. कमाल मापाच्या पलीकडे गेला असेल तर ड्रम भंगारात. आत असेल पण चऱ्या पडल्या असतील तर लेथवर साफ करून घेता येतो, दोन्ही ड्रम सारख्याच मापाला. मापाबाहेर गेलेल्या ड्रममध्ये नवा शू टाकला तर शूची गोलाई ड्रमशी जुळत नाही. तो मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि नवे शू टाकूनही हँडब्रेक धरत नाही. ही गोष्ट हमखास राहून जाते.

शूच्या आतली गंजलेली पट्टी

हँडब्रेकची केबल ड्रमच्या आत एका पट्टीला लागते. ही पट्टी मागच्या शूला एका पिनवर लटकलेली असते आणि मधल्या आडव्या दांडीतून दोन्ही शू बाहेर ढकलते. पायाचा ब्रेक तिला वापरत नाही. म्हणूनच पायाचा ब्रेक उत्तम आणि हँडब्रेक मात्र कुचकामी, असं होऊ शकतं. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत पिन गंजते. हाताने हलवून बघा. बोटाच्या जोराने सहज झुलायला हवी. अडत असेल तर शूसकट काढा, तारेच्या ब्रशने साफ करा, पिनला ब्रेकचं ग्रीस अगदी पातळ लावा. पिनचं भोक अंडाकृती झालं असेल तर पट्टी बदला, नाहीतर लिव्हरचे दोन-तीन दात त्या ढिलाईतच संपतात.

बॅकिंग प्लेटवर शू जिथे टेकून सरकतात ते उंचवटे असतात, बहुधा प्रत्येक शूला तीन. तिथे खाचा पडल्या असतील तर शू अडकून बसतो. उंचवटे साफ करून त्यांवर ग्रीसचा नखभर थर द्या. साधं चासी ग्रीस नको, ते तापल्यावर वितळून लायनरवर जातं.

अॅडजस्टर पूर्ण खोलून त्याचे आटे साफ करा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या अॅडजस्टरचे आटे एकमेकांच्या उलट असतात. अदलाबदल झाली तर ऑटो अॅडजस्टर शू जवळ आणण्याऐवजी दूर नेत राहतो आणि कितीही वेळा सेट केलं तरी हँडब्रेक आठवड्यात ढिला. काढल्या काढल्या त्यावर खडूने डा किंवा उ लिहून ठेवा. रिटर्न स्प्रिंगा ताणल्या गेल्या असतील किंवा तापून निळ्या पडल्या असतील तर शूच्या संचाबरोबर नव्या घ्या.

सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या आसपासच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधताना जुना शू, केबल आणि स्प्रिंग सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक ड्रमचं माप बदललेलं असतं. जुन्या शूवर नवा लायनर मारून मिळतो आणि चांगल्या हाताने मारलेला असेल तर तो चालतो. पण बसवण्याआधी शू ड्रममध्ये ठेवून बघा: मध्ये टेकून टोकं उचललेली असतील किंवा टोकं टेकून मध्ये फट असेल तर घेऊ नका. वापरलेले जुने शू स्वस्त मिळतात, त्यांचा विचारही नको.

शू सेट करणे

सगळं परत जोडलं, केबल अजूनही सैल आहे, आता अंतर ठरवायचं. व्हर्निअरने ड्रमचा आतला व्यास मोजा आणि अॅडजस्टर फिरवून दोन्ही शूंचा बाहेरचा व्यास त्यापेक्षा अर्धा मिलिमीटरच्या आसपास कमी ठेवा. ड्रम चढवा, हाताने फिरवा. मागच्या बुचातून चाकी एकेक दात फिरवत ड्रम अडेपर्यंत न्या आणि मग हलका घासल्याचा आवाज उरेल इतकी मागे आणा. घासण्याचा आवाज एकसारखा हवा. एका फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा ड्रम ज्यावर बसतो त्या हबवर गंज बसल्याने तो वाकडा बसलाय.

मग दोन्ही ड्रम बसलेले असताना ब्रेकचं पेडल सात-आठ वेळा जोरात दाबा, म्हणजे शू मध्यावर बसतील. पुन्हा फिरवून बघा, बहुधा एखादा दात अजून द्यावा लागतो. काही गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला, वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. एक्सल लोंबत असताना तो दाब कमी सोडतो, त्यामुळे पेडलचं हे काम गाडी खाली उतरवल्यावर एकदा परत करा.

केबल

आत्ता कुठे केबलची पाळी. दोन्ही टोकं सोडवा आणि आतली तार बाहेरच्या आवरणातून मागेपुढे ओढा. दोन बोटांनी सरकली पाहिजे. खरखर लागत असेल, मध्येच अडत असेल किंवा बाहेरचं आवरण चिरलं असेल तर केबल बदला. तेल सोडून मोकळी केलेली केबल पहिल्या पावसापर्यंत टिकते, पुढे पुन्हा जाम होते. तारेचा एखादा धागा जरी तुटलेला दिसला तरी हाच निर्णय.

मोटरहोममध्ये एक खास गोष्ट तपासा. गाडी बांधणाऱ्याने खाली सांडपाण्याची टाकी, बॅटरीचा डबा किंवा पायरी बसवताना केबल बाजूला सारलेली असते. कुठे ती टाकीच्या कोनावर मुडपलेली, कुठे सायलेन्सरजवळून नेलेली, कुठे प्लास्टिकच्या पट्टीने इतकी आवळलेली की आतली तार सरकतच नाही. प्रत्येक काटकोन ओढीचा जोर खातो. केबल मूळ क्लिपांवर, मोठ्या वळणाने परत न्या आणि टाकीच हलवावी लागली तर टाकी हलवा. चासी मागे वाढवलेल्या गाड्यांत केबल क्लॅम्प मारून जोडलेली दिसते. क्लॅम्प सरकतो. पूर्ण लांबीची एकसंध केबल, दोन्ही टोकं दाबून बसवलेली, हीच चालेल.

दोन्ही केबल जिथे एकत्र येतात तो इक्वलायझर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला सारखी ओढ देणारी आडवी पट्टी, लिव्हर ओढल्यावर साधारण सरळ राहिली पाहिजे. एका बाजूला तिरकी झाली तर एक केबल लांबलीये किंवा त्या बाजूचा शू सैल आहे. तिचा सांधाही मोकळा हलला पाहिजे, कारण तो सतत रस्त्याच्या पाण्यात असतो आणि गंजून एकाच कोनात गोठतो.

आता गाडी चाकांवर खाली उतरवा, टाकी भरा, सामान परत ठेवा. भरलेल्या गाडीत स्प्रिंगपट्टे बसतात, एक्सल वर येतो आणि केबलचा ताण बदलतो, म्हणून शेवटचा नट भरलेल्या गाडीवरच. लिव्हर पूर्ण खाली असताना केबलला अगदी किंचित ढिलाई राहील असं सेट करा, मग पाच-सहा वेळा जोरात ओढून सोडा आणि दात पुन्हा मोजा. पाच-सहावर पक्का लागला की लॉक नट आवळा. परत मागची चाकं उचलून लिव्हर खाली असताना ती मोकळी फिरतात का ते बघा. घासत असतील तर नट एक फेरा सैल. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत दोन प्रकार दिसतात. डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असेल तर पायाच्या ब्रेकचा भाग सोडून वरची रीत लागू पडते. तिथले शू झिजत नाहीत, गंजतात. हँडब्रेक थेट कॅलिपरवर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या भागावर, असेल तर कॅलिपरचा लिव्हर पूर्ण परत येतो का एवढं बघा. येत नसेल तर कॅलिपर बदलणं किंवा जाणत्या माणसाकडून दुरुस्त करून घेणं, हाच मार्ग.

चाचणी

नवे शू पहिल्याच दिवशी पूर्ण धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ४० किलोमीटरच्या वेगावरून पायाच्या ब्रेकने वीस-पंचवीस वेळा हळुवार वेग कमी करा, मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवून ड्रम निवू द्या. मग सपाट जागी हँडब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडा. गाडी न हलता इंजिन दबायला लागलं पाहिजे. क्षणभरच करा, क्लच जाळायचा नाही.

उतारावरची चाचणी अशा जागी घ्या जिथे खालच्या बाजूला माणूस, दुकान, गाडी काही नाही. इमारतीचा पोडियम रॅम्प किंवा मलबार हिलचा रस्ता त्यासाठी नाही. चाकांच्या खालच्या बाजूला सहा इंचांवर ठोकळे टाका, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढा आणि पाय सावकाश उचला. सरकली तर ठोकळ्यावर थांबेल. दोन मिनिटं उभी राहिली की गाडी उलट तोंडाने लावून परत तेच. ड्रममधला एक शू चाक एका दिशेला फिरताना ड्रमवर आणखी दाबला जातो आणि दुसरा शू उलट दिशेला, त्यामुळे चढावर धरणारी गाडी उतारावर सुटू शकते. तसं झालं तर एक शू नीट टेकत नाही. ड्रम परत उघडा.

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी वाढवताना आरटीओत तपासणी होते. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, कुठेही जाण्याआधी ही चाचणी झालेली असू द्या.

रोजच्या वापरात

उतारावर लावताना पाय ब्रेकवर ठेवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये पाय उचलून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या आणि मग गिअर टाका: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आधी गिअर टाकला तर वजन गिअरबॉक्सवर येतं आणि सकाळी गिअर निघता निघत नाही. उताराकडे तोंड असताना पुढची चाकं फुटपाथच्या दिशेने वळवा. रात्री आत झोपणार असाल तर ठोकळे लावल्याशिवाय दिवे मालवू नका. आत माणसं चालली की गाडी डुलते आणि दाताच्या टोकावर अडकलेली खिटी तेवढ्यानेही घसरू शकते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोवर गाडी चढवताही हँडब्रेक, गिअर आणि ठोकळे असं तिन्ही हवं, कारण बोट दोन्ही बाजूंना कलते.

बोर घाट किंवा कसारा उतरल्या उतरल्या गाडी लावली आणि मागे कॅलिपरवरचा हँडब्रेक असेल तर डिस्क थंड होऊन आकसते आणि पकड सैल होते. दहा-पंधरा मिनिटांनी लिव्हर आणखी एक-दोन दात ओढा. ड्रमला उलटं होतं. ड्रम निवताना आकसून घट्ट बसतो, म्हणून तापलेल्या ड्रमवर लिव्हर अंगातलं सगळं बळ लावून ओढू नका.

पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवायचा नाही. दमट हवेत लायनर ड्रमला गंजाने चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चारही ठोकळे लावा आणि पंधरा दिवसांनी गाडी दोन-चार फूट पुढे-मागे करा. चिकटलाच तर इंजिनचा जोर लावून ओढू नका, लायनर शूपासून उपटून येतो. चाक काढून ड्रमच्या सपाट तोंडावर, कडेला नव्हे, लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोका, बहुधा टक असा आवाज होऊन सुटतो.